दहापैकी किती?

माझा दादा कॅनडाचा नागरिक आहे. त्याच्याबद्दलची कुठलीही हकिकत इथूनच सुरू करावी लागते, कारण तो स्वतः इथूनच सुरू करतो. पंचवीस वर्षांपूर्वी तो आणि वहिनी पुण्याहून तिकडे गेले. एका मोठ्या शहराच्या कडेला, जिथल्या रस्त्यांना झाडांची नावं आधी दिली आणि झाडं मागाहून लावली, अशा वस्तीत त्यांनी घर घेतलं. दादा मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होता. वजनकाटे, दाबमापक, तापमापक. काटा जे सांगतो ते खरं की खोटं, हे ठरवण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झाला तरी सवय सुटली नाही. कोणी म्हणालं, "आज फार थंडी आहे," तर तो विचारतो, "कुठल्या थर्मामीटरवर?"

मी कतारमध्ये, दोह्यात असते, त्यालाही आता अठरा वर्षं झाली. एका बांधकाम कंपनीत अहवाल, माहितीपत्रकं आणि वरिष्ठांची भाषणं लिहिते. आमच्या कंपनीचा पूल कधी नुसता पुरा होत नाही. तो 'उज्ज्वल भविष्याकडे जाणारा सेतू' होतो. हे वाक्य माझंच. तीन पुलांना वापरलं, कोणी हरकत घेतली नाही.

दर शुक्रवारी संध्याकाळी पाचला दादाचा कॉल येतो. माझी सुट्टी, त्याची सकाळ. नेहमीच्या ॲपवरून इथे कॉल कधी लागतो कधी नाही, म्हणून आम्ही ऑफिसच्या मीटिंगचं ॲप वापरतो. त्याची फुकट आवृत्ती चाळीस मिनिटांनी बोलणाऱ्याचं वाक्य अर्ध्यात तोडते. भाषणं लिहिणाऱ्या बाईला ही सोय फारच आवडते.

या चाळीस मिनिटांतली पहिली दहा माझ्या परिस्थितीबद्दल हळहळ व्यक्त करण्यात जात. "तू काय, पाहुणी. नोकरी संपली की सामान बांधा म्हणतील. इथे आम्ही नागरिक. दवाखान्यात गेलं की कार्ड दाखवायचं, बस." मी वाद घालत नसे. एकतर तो म्हणतो ते खरं होतं. माझा इथला मुक्काम एका कार्डावर आणि ते कार्ड एका नोकरीवर उभं आहे. साठी झाली की मलाही यल्ला, चला, असंच होणार. आणि दुसरं म्हणजे वाद घालायला चाळीस मिनिटं पुरत नाहीत.

या नागरिकाला डॉक्टर मात्र नव्हता. म्हणजे पूर्वी होता, एक म्हातारे गृहस्थ, वीसेक वर्षं त्यांच्याकडेच जात. ते निवृत्त झाले, दारावर एक कागद लागला आणि त्यांचे सगळे पेशंट एका सकाळी पोरके झाले. तिथे फॅमिली डॉक्टर आपला आपण जाऊन गाठता येत नाही म्हणे; बहुतेकांकडे जागाच नसते. सरकारी यादीत नाव घालायचं आणि बोलावण्याची वाट पाहायची. तोवर काही झालं तर वॉक-इन क्लिनिकात रांग लावायची, नाहीतर इस्पितळाच्या इमर्जन्सीत जाऊन बसायचं. दादाचं नाव यादीत जाऊन दोन वर्षं उलटली होती. हे त्याने मला तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, व्यवस्थेची माहिती म्हणून सांगितलं होतं.

"यादी आहे ना. क्रमाने होईल. इथे वशिला चालत नाही."

"वशिला नाही चालत न् यादीही नाही चालत," वहिनी मागून म्हणाली. वहिनी नागपूरची आहे. पंचवीस वर्षांच्या बर्फात तिची बोली जराही गोठलेली नाही.

एकदा कॉल चालू असतानाच त्यांच्या दारावरची बेल वाजली. निवडणुकीचे दिवस होते. उमेदवार घरोघर फिरत होता. दादा फोन हातात घेऊनच दारात गेला, त्यामुळे मला उमेदवाराची हनुवटी आणि गळपट्टा दिसला. त्याने फार अदबीने विचारलं, तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता? ज्याला दोन वर्षं डॉक्टर नाही, तो दादा थोडा विचार करून म्हणाला, आमच्या गल्लीत बर्फ काढणारी गाडी उशिरा येते. उमेदवाराने लिहून घेतलं. त्याने दिलेल्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, प्रत्येक कुटुंबाला डॉक्टर. पुढच्या आठवड्यात विरोधी पक्षाचं पत्रक आलं. वाक्य तेच, रंग वेगळा. दादाने दोन्ही कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. आपल्या देशात मतभेद कसे सभ्यपणे होतात, हे मला कळावं म्हणून.

"मग अडतं कुठे?" मी विचारलं.

"आता फार लोक यायला लागलेत गं बाहेरून. सगळ्यावर ताण येतो."

"तूही बाहेरूनच आलास."

"मी रांगेतून आलो," दादा म्हणाला.

आता डॉक्टरबद्दल सांगायला हवं. ती माझ्या डोक्यावर राहते, म्हणजे वरच्या मजल्यावर. अल हिलालमधला आमचा व्हिला बाहेरून एक आणि आतून सहा घरांचा आहे. ती मूळची नाशिकची, पंचेचाळिशीची. नवरा समुद्रातल्या तेलाच्या रिगवर, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. मुलगी बारावीत; आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोन्ही पक्षांना त्यात काही वावगं वाटत नाही. डॉक्टर शेजारच्या नजमा भागातल्या एका छोट्या खासगी क्लिनिकमध्ये बसते. खाली कॅफेटेरिया, शेजारी मोबाइल दुरुस्ती, वर ती. तिचे बहुतेक पेशंट एका खोलीत आठ-आठ जण राहणारे पुरुष. शुक्रवारी संध्याकाळी तिला सुट्टी असते आणि माझ्याकडे चहा असतो.

तिने एकदा मला तिच्या धंद्यातलं गुपित सांगितलं होतं. "ताई, ज्याला रजेची चिठ्ठी पाहिजे असते ना, तो दारातूनच कण्हत येतो. तो बरा असतो. जो मान खाली घालून म्हणतो, कुछ नहीं मॅडम, थोडा गॅस है, त्याला मी खुर्चीवरून उठूच देत नाही. आधी ईसीजीची पट्टी काढते."

"किती जणांना खरंच गॅस असतो?"

"असतो की. पण ते गॅस आहे असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, मॅडम, मर गया."

या डॉक्टरकडे कॅनडाचे कागद होते. पाच वर्षांपूर्वी नवऱ्याने हौसेने अर्ज भरला होता, आणि आता कायम वास्तव्याची मंजुरी आली होती. मार्चमधल्या एका तारखेपर्यंत तिथे पाऊल ठेवलं नाही तर मंजुरी बाद. त्या निमित्ताने ती मला एका हॉटेलातल्या सभेला घेऊन गेली. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी कुठल्याशा सल्लागाराने भरवली होती. लाल-पांढरे फुगे, कागदी ध्वज, एसी इतका की वातावरणनिर्मितीही त्याच खर्चात झाली होती. सल्लागाराचा सूट उत्तम होता. "कॅनडाला तुमची गरज आहे," तो म्हणाला, आणि बोट नेमकं आमच्या रांगेकडे केलं. माझा त्या वाक्यावर व्यावसायिक जीव जडला. त्यात कोणाला, कशासाठी, केव्हा, यातलं काहीच नव्हतं.

डॉक्टरने हात वर करून विचारलं, "मी वीस वर्षं प्रॅक्टिस करते आहे. तिथे पोचल्यावर पेशंट तपासायची परवानगी किती वर्षांनी मिळेल?"

"फार चांगला प्रश्न आहे," सल्लागार म्हणाला, आणि पुढचा प्रश्न घेतला.

परत येताना तिने गाडीत हिशेब सांगितला. परीक्षा द्यायच्या, त्या ती देईल. मग इस्पितळात पुन्हा शिकाऊ म्हणून जागा मिळायला हवी. बाहेर शिकलेल्यांना त्या फार थोड्या. मिळेपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही. ओळखीची एक बाई तिकडे औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, पूर्वी लातूरला तिचं स्वतःचं प्रसूतिगृह होतं. "आणि लोक म्हणे डॉक्टर नाही म्हणून रडतायत," ती म्हणाली. मी म्हटलं, माझा दादा रडत नाही, तो यादीत आहे.

जानेवारीतला एक शुक्रवार. दादा मला घराच्या विम्याचा कुठलासा कागद दाखवायला वर गेला आणि खाली आला. त्याची वाक्यं नेहमी लांब असतात. त्या दिवशी तो तीन-तीन शब्द बोलत होता. मी काही ओळखलं नाही. मला वाटलं, आज थोडक्यात आवरतोय. डॉक्टर माझ्या मागे चहा गाळत होती. तिने गाळणं खाली ठेवलं आणि माझ्या खांद्यावरून पडद्यात वाकली.

"काका, मूठ कुठे ठेवलीय?"

"कुठली मूठ?"

"उजवी. छातीवर."

दादाने हाताकडे पाहिलं, जणू कोणाचा तरी विसरून राहिलेला हात आहे. "हां, हे होय. पित्त. सकाळी पोहे खाल्ले."

"जिना चढला की पोहे वर येतात, आणि उभं राहिलं की खाली जातात?"

दादा हसला. ती हसली नाही. किती दिवस होतंय, किती पायऱ्यांवर होतं, हाताकडे जातं का, घाम येतो का, असं तिने एकामागून एक विचारलं. दादाने प्रत्येकाला 'तसं विशेष नाही' असं उत्तर दिलं. शेवटी ती म्हणाली, "काका, मी इथून तपासू शकत नाही. पण हे हृदयाचं असू शकतं. आत्ता ॲम्ब्युलन्स बोलवा."

"सायरन वाजवत? शेजारी काय म्हणतील?"

"मग काकूंना गाडी काढायला सांगा. पण आत्ता. आणि तिथे जाऊन छातीत दाब येतो म्हणून सांगा. पित्त हा शब्द काढू नका."

त्याने मान डोलावली. मान डोलावणं हा आमच्या घरात नकाराचा सभ्य प्रकार आहे, हे मी तिला सांगायला हवं होतं.

आमच्या घरी दुखणं सांगणं म्हणजे तक्रार करणं, आणि तक्रार करणं म्हणजे वळण नसणं. दादा दहा वर्षांचा असताना त्याचं मनगट मोडलं होतं. त्याने डाव्या हाताने जेवण पुरं केलं, ताट उचलून ठेवलं, आणि मग सांगितलं. त्याचं फार कौतुक झालं. बाबांचं शेवटचं दुखणंही डॉक्टर घरी येईपर्यंत पित्तच होतं. त्यानंतर डॉक्टरला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे सगळं आठवायला मला शनिवार उजाडावा लागला.

शनिवारी सकाळी वहिनीचा निरोप होता: सात तास बसून परत आलो, कोणी तपासलं नाही. मी तो वर जाऊन डॉक्टरला दाखवला. संध्याकाळी पाचला आम्ही दोघींनी मिळून कॉल लावला.

दादा दुखावलेला नव्हता. उलट तो प्रसन्न होता. इमर्जन्सीच्या खिडकीत एक नर्स असते, ती आधी विचारते आणि कोण किती तातडीचा ते ठरवते, हे त्याने आम्हाला नीट समजावून सांगितलं. वहिनी गाडी लावून येईपर्यंत त्याचं सांगून झालं होतं.

"काय सांगितलंत?" डॉक्टरने विचारलं.

"सांगितलं, थोडी ॲसिडिटी आहे."

डॉक्टरने डोळे मिटले.

"मग तिने विचारलं, दुखणं शून्य ते दहामध्ये किती? मी म्हटलं, याचं एकक काय? तिला प्रश्न कळला नाही. म्हटलं, बाई, दहा म्हणजे काय ते कोणी ठरवलं, माझ्या दहाचा न् दुसऱ्याच्या दहाचा मेळ कोण घालतं? ती म्हणाली, तुम्हाला वाटेल तो आकडा सांगा. आता वाटेल तो आकडा, ही काय पद्धत झाली? मी दोन सांगितला."

"दोन का?"

"शून्य सांगितलं असतं तर तिथे जायचं कारण उरलं नसतं."

मग तो सात तास बसला. एका सुताराचा हात कापला होता, तो आधी गेला. एक लहान मूल होतं, ते गेलं. एका म्हाताऱ्या बाईला दादाने आपली खुर्ची दिली. संध्याकाळी त्यालाच वाटलं, एवढ्या गर्दीत आपण आणखी भर कशाला घाला. तो उठला, खिडकीत जाऊन नर्सचे आभार मानले आणि घरी आला.

"माझ्यापेक्षा गरजू लोक होते गं तिथे," तो मला म्हणाला.

मला वाटलं, आता डॉक्टर चिडेल. पण नजमात चिडून काम होत नसावं. ती म्हणाली, "काका, आपण तालीम करू. मी नर्स. काय होतंय?"

"थोडं जड..."

"थोडं नाही. छातीत दाब येतो. म्हणा."

"छातीत दाब येतो."

"जिना चढताना. महिनाभर. वाढत चाललाय."

"वाढत चाललाय हे कशावरून? मी नोंद ठेवलेली नाही."

"किती? दहापैकी?"

"दोन."

"आठ म्हणा."

"आठ नाही ते!" दादाचा आवाज पहिल्यांदा चढला. "जन्मभर मी लोकांचे खोटे काटे पकडले, आणि आता स्वतःचा काटा खोटा लावू? उद्या खरंच आठ झालं तर मग काय सांगू, सोळा?"

"दहा म्हणजे काय असतं ते मले विचारा," वहिनी म्हणाली. "दोन बाळंतपणं झाली माझी. हे बाहेर बसून पेपर वाचून राहिले होते."

"कसं होतं ते तू सांगितलंस का मला कधी?"

"तुम्ही विचारलं काय कधी?"

मी घड्याळ पाहिलं. बत्तीस मिनिटं गेली होती. डॉक्टर खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बरं काका, तुमचंच बरोबर. काटा नीट लावून घेऊ. मला एक सांगा. लग्न झाल्यापासून तुम्ही काकूंना कधी स्वतःहून म्हणालात का, की मला दुखतंय?"

दादाने खरोखर विचार केला. "नाही."

"दाढ काढली तेव्हा?"

"नाही."

"मूतखडा झाला होता म्हणे तुम्हाला, तेव्हा?"

"तेव्हा हिने स्वतःच ओळखलं."

"म्हणजे मूतखड्यालासुद्धा तुमचा काटा हलला नाही. जो काटा मूतखड्याला हलत नाही, तो दोन दाखवत असेल तर प्रयोगशाळेत त्याला काय म्हणतात?"

या प्रश्नाचं उत्तर दादाला येत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सोमवारी जातो," तो म्हणाला. "शनिवार-रविवार तिथे माणसं कमी असतात. उगाच ताण."

तेवढ्यात वहिनी कॅमेऱ्यात आली. इतक्या वर्षांत ती नेहमी मागून बोलायची, कॅमेऱ्यात क्वचित यायची. "डॉक्टर, तुम्हाले मंगळवारचं सांगितलं नाही यांनी. मंगळवारी जिन्यात मधेच बसून राहिले होते, दहा मिनिटं. मी विचारलं, काहून बसले? तर म्हणे, कठड्याचे स्क्रू तपासून राहिलो. हातात स्क्रू-ड्रायव्हर नाही, चष्मा नाही."

बाहेर मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान होऊन गेली होती. दादा खाली, टेबलाच्या कडेकडे पाहत होता.

"आत्ता आहे," तो म्हणाला.

"काय आहे?" मी विचारलं.

"ते. आत्ता. बसल्याबसल्या."

डॉक्टरने माझ्या मनगटावर हात ठेवला, मी बोलू नये म्हणून. "किती, काका?"

लहानपणी तो तापमापक बघायचा, पारा स्थिर होईपर्यंत डोळा न हलवता, तसा तो आत कुठेतरी बघत राहिला. मग म्हणाला, "सहा."

"काकू, ॲम्ब्युलन्स. ॲस्पिरिन आहे घरात? एक चावून खायला द्या. काका, तुम्ही उठायचं नाही. सायरन वाजू दे, दार उघडं ठेवा, आणि..."

इथे चाळीस मिनिटं संपली आणि पडदा काळा झाला.

मी पुन्हा लावला, लागला नाही. वहिनी फोनवर असणार हे दोघींनाही कळत होतं. डॉक्टर उठली, गार झालेला चहा ओतून दिला आणि दोन्ही कप विसळले. मी तिला विचारलं, "सहा म्हणजे?" ती म्हणाली, "त्यांचं सहा म्हणजे मला माहीत नाही, ताई. मी अजून कोणाचं असं सहा ऐकलेलं नाही." नंतर आम्ही बसून राहिलो. तिची मुलगी वरून विचारायला आली, व्हॉट्स फॉर डिनर, आणि आमच्याकडे बघून आल्या पावली गेली.

तासाभराने वहिनीचा निरोप आला. आत घेतलं आहे.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ॲम्ब्युलन्सवाले आठ-दहा मिनिटांत आले. वहिनीने शेजारच्या घराकडे बघितलंदेखील नाही. इस्पितळात पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला, आणि दादाने आपल्या परीने सत्य आणि आज्ञा या दोन्हींचा मान राखला. तो म्हणाला, "सहा आहे. पण माझ्या डॉक्टरांनी आठ सांगायला सांगितलंय."

"तुमचे डॉक्टर कोण?" नर्सने विचारलं.

"त्या कतारला असतात."

नर्सने यावर काय लिहिलं ते माहीत नाही, पण त्याला व्हरांड्यात बसवलं नाही. रक्त तपासलं, पट्टी काढली, आणि दुसऱ्या सकाळी अँजिओग्राफी झाली. दोन ठिकाणी अडथळा होता. एक तर जवळजवळ बंद. दोन स्टेंट बसले. डॉक्टर उत्तम, नर्स मायेच्या, कोणी एका शब्दाने पैशाचं विचारलं नाही. दादाचं या एका बाबतीत बरोबर होतं, आणि मी त्याला ते सांगितलंही. आत गेल्यावर कॅनडा त्याने वर्णन केला होता तसाच होता. दार तेवढं जड होतं, आणि ते ढकलायचं नसतं असं शिकलेला माणूस दाराशी उभा होता.

घरी सोडताना तिथल्या कारकून बाईने विचारलं की पुढची देखभाल तुमचे फॅमिली डॉक्टर करतील, त्यांचा फॅक्स नंबर द्या. इथे दादाची पंचाईत झाली. यादीत आहे, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं असणार. पण वहिनी शेजारी उभी होती. तिने मला निरोप टाकला, फॅक्स नंबर पाहिजे. मी डॉक्टरला विचारलं.

"फॅक्स?" डॉक्टर म्हणाली. "हा कुठला देश आहे?"

क्लिनिकच्या रिसेप्शनखाली एक यंत्र होतं. त्यावर पाण्याची बाटली आणि मागच्या रमजानचं वेळापत्रक ठेवलेलं असे. रिसेप्शनवरच्या केरळी ब्रदरने त्याची धूळ पुसली, तार शोधून जोडली, आणि दोन दिवसांनी, तिसऱ्या प्रयत्नात, नजमातल्या त्या खोलीत कॅनडातून चार पानं आली. खोकला, पाठदुखी आणि रजेच्या चिठ्ठ्यांसाठी थांबलेली सात-आठ माणसं ते बघत होती. पहिल्या पानावर वर लिहिलं होतं, प्रिय डॉक्टर, आपल्या पेशंटची हकिकत पुढीलप्रमाणे. खाली, कृपया सहा आठवड्यांनी तपासून औषधांची मात्रा ठरवावी.

तिने ती पानं मला शुक्रवारी दाखवली. कॅनडाने तिला आतापर्यंत पाठवलेल्या सगळ्या कागदांत ती अर्जदार होती. हा पहिलाच कागद होता ज्यात ती डॉक्टर होती, कुठल्याही अटीशिवाय.

दादाला आता तिचा फार आधार वाटू लागला होता. त्याने हळहळीची पहिली दहा मिनिटं माझ्याकडून काढून तिच्या भवितव्याला दिली. "तुम्ही या इकडे. मार्चच्या आत या. आमचं तळघर रिकामंच आहे, घर मिळेपर्यंत राहा. घरांचे भाव काय विचारू नका, पण तळघर आहे. आम्हाला डॉक्टर मिळेल."

"काका, तिकडे आले की मला तुम्हाला गोळी बदलून देता येणार नाही. मी तुमची डॉक्टर उरणार नाही, भाडेकरू होईन."

"म्हणजे इथून दहा फुटांवरून जे सांगता येणार नाही, ते अकरा हजार किलोमीटरवरून सांगता येतं?"

"इथूनही सांगता येत नाही खरं तर," ती म्हणाली. "पण इथे मला कोणी विचारत नाही."

मला वाटतं, कॅनडाच्या व्यवस्थेतला एक काटा चुकीचा आहे हे दादाने त्या क्षणी मनातल्या मनात नोंदवलं. तोंडाने तो एवढंच म्हणाला, "याबद्दल कोणाला तरी लिहायला हवं." त्याने लिहिलं. बर्फाच्या गाडीबद्दल लिहून घेणाऱ्या त्याच उमेदवाराला, जो आता निवडून आला होता. आभाराचं छापील पत्र आलं. मी ते वाचलं. वाक्यं चांगली होती. आमच्या पुलांना चालली असती.

डॉक्टरने काय ठरवलं, हे तिने कोणाला जाहीर करून सांगितलं नाही. रिगवरून नवरा म्हणाला, तू म्हणशील तसं. मुलगी म्हणाली, व्हॉटेव्हर. मी काही म्हणाले नाही. माझा स्वार्थ त्यात उघड होता. आणि मी साठीला इथून निघाले की या शुक्रवारच्या व्यवस्थेचं काय होणार, हा प्रश्न मी अजून कोणाला विचारलेला नाही.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. ती शुक्रवारी पाचला खाली आली, नेहमीसारखी चप्पल दारात काढून. मी चहा टाकला होता. पडद्यावर दादा, मागे वहिनी.

"डॉक्टर, तुमची ती तारीख कधी आहे?" दादाने विचारलं.

"काल होती."

वहिनीने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, "मी अजून यादीत आहे. नाव काढलेलं नाही."

"काढू नका," ती म्हणाली. "आज जिना किती वेळा चढलात?"

"चार."

"मधे थांबलात?"

"एकदा." मग घाईने, "कठड्याचा स्क्रू खरंच ढिला आहे."

"काकू?"

"आहे ढिला," वहिनी म्हणाली. "मी हलवून पाहिला."

डॉक्टरने ते वहीत लिहून घेतलं आणि दादाला दंडावर रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा बांधून, हात टेबलावर ठेवून, पाच मिनिटं न बोलता बसायला सांगितलं. चाळीसपैकी पाच मिनिटं आम्ही चौघं त्या यंत्राचा आकडा स्थिर होण्याची वाट बघत राहिलो.